आधी वर्दी द्या



आज आम्ही तुमच्यापुढे दोन गोष्टी ठेवणार आहोत. एक रानातली आहे, दुसरी टपालातली. पहिली अस्वलाची, दुसरी परदेशी जाणाऱ्या पार्सलाची. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, अस्वलाचा आणि पार्सलाचा काय संबंध?" संबंध आहे. आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूला ही दोन्ही कामे एकाच गावात चालतात. कधी कधी तर एकाच बाईच्या हातून होतात.

लातूरकडे रान फारसे नाही. तिकडच्या लोकांना ही गोष्ट नवी वाटेल. पण किनवट-माहूरला डोंगर आहे, सागाचे रान आहे, पैनगंगा आहे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा असे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. उन्हाळ्यात बायका पहाटे मोहफुले वेचायला रानात जातात. तेंदूची पाने तोडतात. चारोळी, डिंक गोळा करतात. पावसाळ्यात शेतावर राबतात. आणि हात मोकळा झाला की तांड्यातली बाई सुई घेऊन बसते. कापडावर रंगीत दोऱ्याने भरते, आरसे लावते. त्याची पिशवी होते, बटवा होतो, उशीचा अभ्रा होतो.

मोह रानातून घरी येतो. पिशवी घरातून दूर देशी जाते. दोन्हीत चार पैसे मिळतात. दोन्हीत धोकाही आहे. रानात जिवाला धोका, व्यवहारात पैशाला धोका. आणि दोन्ही धोके टाळायचा उपाय एकच आहे. तो म्हणजे आधी वर्दी देणे. वर्दी देणे म्हणजे आपण येत आहोत, आपण काय करत आहोत, हे समोरच्याला अगोदर कळवणे. रानात ही वर्दी आवाजाने द्यायची. टपालात कागदाने द्यायची. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

अस्वलाचा स्वभाव

आपल्या रानातले अस्वल काळे असते. अंगावर लांब झिपरे केस असतात. छातीवर पांढुरका पट्टा असतो. नखे लांब आणि वाकडी असतात. मोठा नर शंभर किलोच्या वरही भरतो. एवढे मोठे जनावर, पण खाते काय? वाळवी आणि मुंग्या! वारूळ फोडते, तोंड लावते आणि वाळवी ओढून घेते. शिवाय जांभूळ, बोर, उंबर, टेंभुर्णीची फळे खाते. मध खाते. आणि मोहफुलांवर तर त्याचा फार जीव.

माणूस खाण्यासाठी अस्वल माणसावर येत नाही. वाघ-बिबट्यासारखे ते दबा धरूनही बसत नाही. मग माणसांना इजा का होते? नीट ध्यानात घ्या. अस्वलाचे नाक फार तेज असते, पण नजर मंद असते. खाऊ लागले की ते खाण्यात बुडून जाते. वाळवी ओढताना त्याचा स्वतःचाच एवढा आवाज होतो की तो लांबून ऐकू येतो. त्या आवाजात त्याला आपले पाऊल कळत नाही. आपण गुपचूप चालत जातो आणि एकदम त्याच्या पुढ्यात उभे राहतो. ते दचकते. त्याला वाटते, हा आपल्या जिवावर उठला. मग ते पळण्याऐवजी अंगावर येते. तोंडावर, डोक्यावर नखे मारते. म्हणजे बहुतेक वेळा हा रागाचा हल्ला नसतो, भीतीचा असतो.

मादीची गोष्ट आणखी वेगळी. अस्वलाची पिल्ले हिवाळ्यात गुहेत जन्मतात. दोन-तीन महिन्यांनी मादी त्यांना बाहेर काढते. ती पिल्ले आईच्या पाठीवर बसून हिंडतात. आता महिने मोजा. हिवाळ्यात जन्म, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये लहान पिल्ले पाठीवर. आणि मार्च-एप्रिल म्हणजेच आपला मोहाचा हंगाम! एकाच झाडाखाली एकाच पहाटे लेकुरवाळी अस्वलीण येते आणि लेकुरवाळी बाईही येते. दोघींनाही पोटासाठीच यावे लागते. म्हणून या दिवसांत जास्त जपावे लागते.

रानात वर्दी कशी द्यावी

पहिली गोष्ट, एकट्याने जाऊ नये. चार-पाच जणींनी मिळून जावे. मिळून गेले की बोलणे होते. बोलणे झाले की अस्वलाला दुरूनच कळते, आणि ते आपण होऊन बाजूला जाते. त्यालाही भांडण नकोच असते.

दुसरी गोष्ट, आवाज करत जावे. गाणे म्हणावे, हाका माराव्या. हातात काठी असावी आणि ती वाटेवर आपटत जावी. काठीला घुंगूर किंवा लहान घंटा बांधली तर फारच उत्तम. काठी हलली की घंटा वाजते, वेगळे ध्यान ठेवावे लागत नाही. बैलाच्या गळ्यात आपण घंटा बांधतो ना? तशीच ही रानातली वर्दी. आणि कानात मोबाइलची बोंडे घालून रानात कधीही जाऊ नका. आपण अस्वलाला ऐकू जायला पाहिजे, तसे अस्वलही आपल्याला ऐकू यायला पाहिजे.

तिसरी गोष्ट, वेळ. अस्वल रात्री हिंडते. झुंजूमुंजू होताना आणि दिवेलागणीला ते वाटेत भेटण्याचा संभव जास्त. मोहफूल रात्री गळते, म्हणून बायका अंधारातच निघतात. उशीर झाला तर दुसरी वेचून नेईल, गुरे खातील, असे वाटते. ते खरे आहे. पण अर्ध्या टोपलीसाठी जीव पणाला लावू नये. गावाने बसून ठरवावे, की चांगले उजाडल्याशिवाय कोणीच निघायचे नाही. सगळ्यांनी एकच वेळ पाळली तर कोणाचेच नुकसान होत नाही. हे एकट्या बाईच्या हातचे काम नाही. हे गावाचे काम आहे.

चौथी गोष्ट, खुणा ओळखाव्या. ताजे खणलेले वारूळ, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे, विष्ठेत मोहाची फुले किंवा बिया, हे दिसले तर अस्वल जवळपास आहे असे समजावे. दगडांच्या कपारीत, गुहेत डोकावू नये. दाट झुडपात शिरण्याआधी बाहेरूनच हाळी द्यावी.

पाचवी गोष्ट, कुत्रे मोकळे सोडून बरोबर नेऊ नये. कुत्रे अस्वलाला डिवचते आणि मग घाबरून धन्याकडेच पळत येते. मागे अस्वल!

आणि एक घरची गोष्ट. पहाटे अंधारात परसाकडे रानात जाण्याची सवय सोडावी. घरचा संडास वापरावा. रोगराई टळते, आणि अशी गाठभेटही टळते.

मोहाखालचा पालापाचोळा जाळायची रीत काही ठिकाणी आहे. फुले लवकर दिसावी म्हणून तसे करतात. पण ती आग रानभर पसरते आणि नवी रोपे जळतात. त्यापेक्षा खालची जागा झाडून घ्यावी, किंवा जुनी लुगडी नाहीतर जाळी अंथरावी. फूल स्वच्छ मिळते, आणि अंधारात एकेक वेचत बसावे लागत नाही.

समोरासमोर गाठ पडली तर

शाळेच्या पुस्तकात दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट असे. ती सगळ्यांना पाठ आहे. एक मित्र झाडावर चढला, दुसरा श्वास रोखून पडून राहिला. गोष्ट मैत्रीची परीक्षा सांगते, म्हणून चांगली आहे. पण रानात ती जशीच्या तशी वापरू नका. आपले अस्वल झाडावर छान चढते! मधाची पोळी काढायला ते चढतेच. म्हणून झाडावर चढून सुटका होत नाही. पळूनही होत नाही, कारण अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते.

मग काय करावे? अस्वल दूर असेल आणि त्याने आपल्याला पाहिले नसेल, तर गुमान मागे फिरावे आणि दुसऱ्या वाटेने जावे. वाट त्याला द्यावी. ते जवळ असेल तर सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे. लेकरे मध्ये घ्यावी. दगड मारू नये. हळू आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडेच ठेवून, पावलापावलाने मागे सरावे. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले तर घाबरून पळू नका. नजर मंद म्हणून ते उभे राहून वास घेत असते.

इतके करूनही ते अंगावर आलेच, आणि त्याने धरलेच, तर पालथे पडावे. तोंड जमिनीकडे करावे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून मानेवर घट्ट धरावी. अस्वल तोंड आणि डोके धरते, म्हणून तेच झाकायचे. ते निघून जाईपर्यंत हलू नये. बाकीच्यांनी एकटेदुकटे धावून जाऊ नये. सगळ्यांनी एकत्र राहून मोठ्याने ओरडावे, काठ्या आपटाव्या.

जखम झाली तर आधी स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे. १०८ या नंबरावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रक्त थांबले की जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नये. अस्वलाच्या चाव्यानेही पिसाळ रोग होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात त्याची लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच. जखम लहान दिसली तरी घ्यावे.

आणि त्याच दिवशी वनखात्याला वर्दी द्यावी. वनखात्याचा नंबर १९२६ आहे. वनरक्षकाकडून पंचनामा करून घ्यावा, दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवावे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने मदतीचे आकडे वाढवले. त्यात वन्य प्राण्यामुळे मृत्यू झाला तर २५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व आले तर ७ लाख ५० हजार रुपये आणि गंभीर जखमीला ५ लाख रुपये असे ठरले. अस्वलाच्या हल्ल्यालाही ही मदत आहे. पण कागद नसेल तर हक्काचा पैसाही अडकतो. लिहिता-वाचता येण्याचा उपयोग तो हाच!

आता पिशवीची गोष्ट

रानातून बाई सुखरूप घरी आली. मोह वाळत घातला. दुपारी सुई घेतली. आता ही भरतकामाची पिशवी परदेशी जाते कशी, ते पाहू.

गिऱ्हाईक कोठून येते? आपल्याकडची पुष्कळ मुले शिकून अमेरिका, इंग्लंड, दुबई, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. त्यांना गावाकडची वस्तू घरात हवी असते. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच देह ठेवला. त्या दर्शनाला दूर देशांतले शीख कुटुंबी येतात. कोणी पिशवी पाहतो, आवडते, नंबर घेतो. घरी गेल्यावर विचारतो, "अशा आणखी दहा पाठवाल का?" झाला व्यापार सुरू!

पण कोणता माल पाठवायचा, हे आधी ठरवावे. कापडाची वस्तू परदेशी पाठवायला चांगली. हलकी असते, नासत नाही, मोडत नाही. मोहफूल, मध, बी-बियाणे, पळसाच्या पत्रावळी यांचे तसे नाही. त्यांतून कीड-रोग येईल म्हणून पुष्कळ देश असा माल अडवतात, किंवा वेगळा दाखला मागतात. मध तर कितीतरी ठिकाणी टपालाने घेतच नाहीत. तेव्हा मध आणि मोह इथल्या बाजारात विकावा आणि परदेशी भरतकाम धाडावे. पिशवीला कवडी, पीस, कातडे, लाकूड असे काही लावले असेल तर तेही अगोदर विचारून घ्यावे.

टपालात वर्दी कशी द्यावी

पूर्वी लहान माणसाला परदेशी माल धाडणे फार अवघड वाटे. मोठ्या शहरात खेपा, दलाल, जकातीचे हापीस. टपाल खात्याने २०२२ सालापासून 'डाकघर निर्यात केंद्रे' सुरू केली. निर्यात म्हणजे माल देशाबाहेर पाठवणे. अशी हजारावर केंद्रे देशात आहेत. तिथे फॉर्म भरायला आणि पार्सल बांधायला मदत करतात. आपल्याला जवळचे केंद्र कोणते, ते तालुक्याच्या किंवा नांदेडच्या मुख्य टपाल कचेरीत विचारावे.

धंद्याचा माल बाहेर पाठवायचा तर एक नंबर घ्यावा लागतो. त्याला आयातदार-निर्यातदार नंबर म्हणतात. लोक 'आयईसी' म्हणतात. तो दहा अक्षर-अंकांचा असतो आणि आपल्या पॅनकार्डावरचाच असतो. सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. फी ५०० रुपये. यापेक्षा जास्त कोणी मागू लागला तर कशाचे मागतो ते विचारा. नंबर एकदा मिळाला की दर वर्षी एप्रिल ते जून या काळात आपली माहिती तिथे पुन्हा पक्की करावी लागते. ते विसरले तर नंबर बंद पडतो. बचत गटाने मिळून काम केले तर एका नंबरात सगळ्यांचे भागते. जीएसटीचे काय करावे लागेल ते मात्र जाणत्या हिशेबनिसाला एकदा विचारून घ्यावे.

मग पार्सलाबरोबर कागद जातो. आत काय आहे, किती नग आहेत, वजन किती, किंमत किती, हे त्यात लिहायचे असते. हीच ती वर्दी! दोन्ही देशांचे जकातवाले तो कागद वाचतात. आणि इथेच पुष्कळ लोक घसरतात. कोणी शहाणा सांगतो, "भेटवस्तू म्हणून लिहा, कर लागणार नाही." कोणी म्हणतो, "दोन हजारांची पिशवी दोनशेची दाखवा." असे करू नका. एक तर ते खोटे आहे. दुसरे, त्यात नुकसानही आपलेच आहे. पार्सल वाटेत हरवले तर भरपाई कागदावरच्या किमतीच्या पुढे जात नाही. दोनशे लिहिले असतील तर दोन हजार कोण देणार? आणि खोटे उघडकीला आले तर माल अडकतो, दंड होतो, पुढच्या पार्सलांवरही डोळा राहतो. गुपचूप रानात शिरण्यासारखेच आहे ते. गाठ पडली की सुटका नाही.

पत्ता नीट लिहा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, छापल्यासारखा. सगळ्यांत खाली देशाचे नाव. घेणाऱ्याचा फोन नंबर आणि त्याच्या गावाचा पिनकोडसारखा नंबर असावाच. स्वतःला इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून लिहून घ्या, पण गिऱ्हाइकाच्या पत्राशी एकेक अक्षर स्वतः जुळवून पाहा. अक्षर ओळखीचे नसले तरी जुळते की नाही हे डोळ्यांना कळते.

पावतीवर एक तेरा जागांचा नंबर असतो. पहिली दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी पुन्हा दोन अक्षरे. शेवटची दोन अक्षरे 'आय' आणि 'एन' म्हणजे भारत. या नंबरावरून पार्सल कोठे पोचले ते मोबाइलवर दिसते. पावती डब्यात जपून ठेवा आणि नंबर वहीत उतरवून घ्या.

बांधणी घट्ट असावी. पिशवी आधी प्लास्टिकमध्ये घालावी, म्हणजे पाणी लागणार नाही. आरशांच्या बाजूवर जाड कागद ठेवावा. पण उगाच मोठा खोका घेऊ नये. टपालाचे हशील वजनावर असते आणि खोक्याचेही वजन होते. हशीलाचे टप्पे असतात. थोडे ग्रॅम जास्त झाले तरी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात.

हिशेब आधी, हो नंतर

एक उदाहरण वहीत मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा, एका पिशवीला कापड, दोरा, आरसे मिळून १५० रुपये लागले. बाईचे तीन दिवस गेले. दिवसाला ३०० रुपये धरले तर ९०० झाले. बांधणीला ५० रुपये. टपाल हशील समजा १,२०० रुपये. सगळे मिळून २,३०० रुपये.

आता बाईने हशील न विचारताच "१,५०० ला देते, पोच करून" असे सांगितले तर? ८०० रुपये घरातून गेले. म्हणजे तीन दिवसांची मजुरी जवळजवळ बुडाली. पिशवी विकली गेली म्हणून गाव वाहवा करील, पण पदरात काही पडले नाही. म्हणून आधी पिशवी काट्यावर ठेवा, टपाल कचेरीत हशील विचारा, वहीत मांडा, आणि मग भाव सांगा. एका पार्सलात दोन-चार पिशव्या घातल्या तर दर पिशवीमागे हशील कमी पडते. गिऱ्हाइकाला तसे सांगावे. आणि त्या देशात जो कर लागेल तो कोण भरणार, हेही आधीच लिहून ठरवावे.

नियम बदलतात

दूर देशातला नियम आपल्या दारात येऊन कसा पोचतो, त्याचे ताजे उदाहरण सांगतो. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना पूर्वी जकात माफ होती. २९ ऑगस्ट २०२५ पासून त्या सरकारने ही माफी बंद केली. जकात कोणी, कशी गोळा करायची हे स्पष्ट नव्हते. म्हणून आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवावे लागले. १५ ऑक्टोबर २०२५ ला ती पुन्हा सुरू झाली. आता जकात इथेच आधी भरून घेण्याची सोय झाली. पण मधले दिवस गेले ते गेलेच. ज्यांनी दिवाळीचा माल अमेरिकेला धाडायचा ठरवला होता, त्यांचा जीव टांगणीला लागला.

यातून काय शिकावे? एकाच देशावर, एकाच गिऱ्हाइकावर सगळा भार टाकू नये. आणि मागल्या वर्षीचा नियम यंदा असेलच असे धरू नये. पार्सल बांधण्याआधी टपाल कचेरीत विचारावे, "या देशाला जाते का? किती पडेल? काय कागद लागेल?" हे तीन प्रश्न पाठ करा.

लबाडापासून सावध

रानातले अस्वल निदान आवाज तरी करते. मोबाइलवरचा लबाड आवाज करत नाही. तो गोड बोलतो. म्हणतो, "तुमच्या ५०० पिशव्या घेतो. फक्त आधी नोंदणीचे १०,००० रुपये भरा." विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, हा कोणत्या बाजाराचा रिवाज? खरे गिऱ्हाईक पैसे देते, मागत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून पैसे बँकेत जमा झाल्यावरच माल धाडावा. पैसे भरल्याचे चित्र मोबाइलवर आले म्हणजे पैसे आले असे नव्हे. बँकेच्या पासबुकात आकडा दिसला म्हणजे आले. मोबाइलवर आलेला गुप्त नंबर कोणालाही सांगू नये, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या नंबरावर वर्दी द्या. जितकी लवकर वर्दी, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

एक वस्तू जी कधीच पाठवू नये

शेवटी, जिथे अस्वल आणि पार्सल यांची खरोखरच गाठ पडते ती गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अस्वलाच्या नाकात दोरी घालून दरवेशी गावात येई, अस्वल नाचवी. त्याचा केस ताईतात घालून लेकराच्या गळ्यात बांधत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाला संरक्षण मिळाले. दरवेशांना दुसरा धंदा मिळवून देत ती अस्वले सोडवण्यात आली, आणि २००९ साली शेवटचे नाचते अस्वलही सुटले.

आजही कोणी गिऱ्हाईक म्हणेल, "अस्वलाचे नख मिळेल का? केस मिळेल का? चांगली किंमत देतो." स्पष्ट नाही म्हणा. घरात जुने पडलेले असले तरी नाही. अस्वलाचा कोणताही भाग विकणे हा मोठा गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. मोराचे पीससुद्धा परदेशी धाडायला बंदी आहे. पिशवीला शोभा म्हणून एक पीस टोचले, एवढ्यावरून सगळे पार्सल अडकेल आणि गटाचे नाव खराब होईल.

आणि हेही ध्यानात घ्या. अस्वल फळे खाते आणि बिया रानभर टाकत जाते. त्या बियांतून जांभूळ उगवते, टेंभुर्णी उगवते. रान राखणारे ते एक जनावर आहे. रान राहिले तर मोह राहील. मोह राहिला तर घरात मीठ-मिरचीला पैसा राहील.

तेव्हा मंडळी, आता वर्गात दोन कामे करा. पहिले, ज्यांचे गाव रानाजवळ आहे त्यांनी मोहाचा हंगाम सुरू होण्याआधी बैठक घ्यावी. किती वाजता निघायचे, कोणी कोणाबरोबर जायचे, हे ठरवून फळ्यावर लिहावे. दुसरे, वहीच्या पहिल्या पानावर हे तीन नंबर मोठ्या अंकांत लिहावे. रुग्णवाहिका १०८. वनखाते १९२६. पैशाची फसवणूक १९३०. लिहून झाले की एकमेकांना वाचून दाखवा. चुकलेला अंक खोडून नीट करा. घरी गेल्यावर हेच नंबर भिंतीवर, लेकरांनाही दिसतील असे लिहा.

आमचे बोलणे इथे पुरे करतो. काही विचारायचे असेल तर विचारा.